‘संपलं’ हे कुत्र्याला कसं कळतं?

शिकवणी आपल्या मनात संपते, कुत्र्याच्या नाही. आपण खाऊची पिशवी ठेवून फोन हातात घेतो. तो मात्र समोर बसून टक लावून बघत राहतो. मग पंजा मारतो, भुंकतो, अंगावर उड्या घेतो. हा हट्टीपणा नव्हे. मिळणारं बक्षीस एकाएकी बंद झालं की प्राणी आधी केलेलंच जास्त जोरात करून बघतो. अशा वेळी कंटाळून एक तुकडा पुढे केला, तर भुंकणं फळाला आलं.

यासाठी तीन वेगळे शब्द लागतात. ‘मोकळा’ म्हणजे बसल्या जागेवरून ऊठ, काम चालूच आहे. ‘सुट्टी’ म्हणजे एक-दोन मिनिटं हुंगत फिर, खाऊ परत येणार आहे. ‘संपलं’ म्हणजे निरोपाचे चार तुकडे सोडले तर आता काहीच मिळणार नाही. आपल्याकडची गंमत अशी, की तोंडात पटकन ‘बस झालं’ येतं आणि कुत्रा इमानदारीत खाली बसतो! ‘थांबूया’चंही तेच.

‘संपलं’ हा शब्द आधी, नेहमीच्याच सुरात. मग साधारण एक सेकंद जाऊ द्यायचा आणि त्यानंतर दोन्ही रिकामे तळहात दाखवायचे. दोन्ही एकदम केलं तर कुत्रा हातच बघतो, शब्द त्याच्या कानावरून जातो. लगेच नखाएवढे पाच-सहा तुकडे जमिनीवर विखरायचे. तो ते हुंगून शोधत असताना पिशवी जागेवर ठेवायची.

हे विखरणं म्हणजे लाड नव्हेत. अवघड गोष्ट पहिल्यांदा जमली आणि त्याच क्षणी आपण निघून गेलो, तर कुत्र्याच्या हिशेबात चांगल्या कामामागून तोटा आला. म्हणजे नकळत शिक्षाच.

नंतर खेळ असेल तर उत्तम. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १६ लॅब्रॅडॉरना नवी गोष्ट शिकवल्यावर निम्म्यांना ३० मिनिटं फिरवलं-खेळवलं, बाकीच्यांना पडून राहू दिलं. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट परत जमायला खेळलेल्यांना कमी प्रयत्न लागले.

‘संपलं’ म्हटल्यावरही तो मागे लागला तर बघायचं नाही, बोलायचं नाही, ‘नाही’सुद्धा म्हणायचं नाही. सुरुवातीला भुंकणं वाढेल, मग ओसरेल. ओसरलंच नाही, तर घरात गुपचूप तुकडा कोण देतंय ते शोधावं.