कथिलाची टक्कर आणि संगणकाची परीक्षा

कथिल-१३२ च्या अणुकेंद्रात ५० प्रोटॉन आणि ८२ न्यूट्रॉन असतात. कथिल-१०८ मध्ये प्रोटॉन तेवढेच, पण न्यूट्रॉन फक्त ५८. दोन्ही अस्थिर, त्यामुळे प्रवेगकात तयार करायची आणि लगेच वापरायची. जपानच्या रिकेन संस्थेत ही अणुकेंद्रं प्रकाशाच्या सुमारे ६३ टक्के वेगाने स्थिर कथिलाच्या पत्र्यावर आदळवली गेली. एकाच मूलद्रव्याच्या दोन टकरी आणि आदळणाऱ्या अणुकेंद्रांच्या न्यूट्रॉनांत २४ चा फरक. त्या फरकातून काय घडतं, ते बघायचं होतं.

हा खटाटोप न्यूट्रॉन ताऱ्यांसाठी. सूर्याहून जास्त वस्तुमान जेमतेम २४ किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात कोंबलेलं असतं. प्रोटॉन थोडे आणि न्यूट्रॉन भरमसाट असलेलं द्रव्य दाबल्यावर किती जोराने विरोध करतं, यावर त्या ताऱ्याची त्रिज्या ठरते. न्यूट्रॉन-प्रोटॉनांच्या या असमतोलापायी जी जादा ऊर्जा खर्च होते, तिला सममिती ऊर्जा म्हणतात. घनता वाढते तशी ती किती झपाट्याने वाढते, हा खरा प्रश्न.

प्रयोगशाळेत असं द्रव्य दाबायचं तर टक्कर घडवावी लागते. पण सेकंदाचे १ वर २२ शून्यं एवढे भाग केले, तर त्यातल्या दोन-तीन भागांत सगळं आटोपतं. शोधक यंत्राला दिसतात ते उडालेले तुकडे. आत काय झालं, ते संगणकावर पुन्हा घडवूनच कळतं.

त्यासाठी मुख्यतः दोन पद्धती आहेत. एकीत प्रत्येक न्यूट्रॉन-प्रोटॉनच्या जागी शेकडो काल्पनिक चाचणी-कण घेऊन त्यांचं सरासरी बलक्षेत्र काढतात. दुसरीत प्रत्येक कण म्हणजे एक धूसर तरंगपुंज. दोन्हींत काळ बारीक पावलांनी पुढे सरकतो. प्रत्येक पावलाला क्षेत्र कणांना ढकलतं, न्यूट्रॉनांना वेगळं आणि प्रोटॉनांना वेगळं. जवळ आलेल्या दोन कणांची टक्कर झाली की नाही, हे संभाव्यतेने ठरवतात.

आणि मग येतो पाउलीचा नियम. दोन न्यूट्रॉन एकाच क्वांटम अवस्थेत राहू शकत नाहीत. म्हणून टकरीनंतर कण ज्या अवस्थेत जाणार, ती आधीच भरलेली असेल तर कोडने, म्हणजे ही टक्कर घडवणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमने, ती टक्कर रद्द करायची. थंड अणुकेंद्रात बहुतेक टकरी अशाच रद्द व्हायला हव्यात. पण अवस्था भरली आहे का, हे कोड मोजक्या कणांवरून अजमावतो. अंदाज वरखाली होतो, भरलेली जागा रिकामी भासते आणि निषिद्ध टक्कर होऊन जाते. जगभरातल्या गटांनी आपापले कोड कणांनी भरलेल्या एकाच काल्पनिक पेटीवर चालवून पाहिले, जिथलं उत्तर गणिताने आधीच माहीत होतं. अनेक कोडांनी हव्यापेक्षा जास्त टकरी होऊ दिल्या. या कामाला प्रसिद्धी मिळत नाही, पण माझ्या लेखी या विषयातलं सर्वांत मोलाचं काम हेच.

रिकेनमधली मोजणी होती पायॉन नावाच्या हलक्या, क्षणजीवी कणांची. दोन न्यूट्रॉन जोरात आदळले तर त्यातला एक क्षणभर जड डेल्टा कण होतो आणि त्यातून ऋण पायॉन निघू शकतो. दोन प्रोटॉन आदळले तर धन. म्हणजे दाबलेल्या भागात न्यूट्रॉन किती साचले होते, याची खूण ऋण आणि धन पायॉनांच्या गुणोत्तरात उतरते. सात कोडांनी आपली भाकितं प्रयोगाचे निकाल हाती येण्याआधी मांडली. हे धैर्याचं काम. निघालं असं, की कोडाकोडांमधला फरक सममिती ऊर्जेच्या परिणामापेक्षाही मोठा.

२०२१ मध्ये संशोधकांनी वेगवान पायॉनांवर भर दिला, कारण संथ पायॉनांवर विद्युतबलाचा प्रभाव फार पडतो. एका कोडशी तुलना करून सममिती ऊर्जेचा उतार, म्हणजे घनतेबरोबर ती किती झपाट्याने वाढते याचं माप, ४२ ते ११७ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट निघाला. पट्टा रुंदच आहे. तो अरुंद करायला आणखी टकरी हव्यातच, पण डेल्टा आणि पायॉन यांना दाट द्रव्यात नेमकं कोणतं क्षेत्र जाणवतं, हे कोडमध्ये नीट बसवणं मला त्याहून आधीचं वाटतं.