जुना खिसा-कॅमेरा बाद झाला? छे!

गड्ड्याची यात्रा जवळ आली की सोलापुरात हमखास ऐकू येतं: रस्त्यावरच्या फोटोंसाठी कॅमेरा नवाच घ्या, मेगापिक्सेल जास्त. रिको कंपनीचे दोन खिसा-कॅमेरे शेजारी ठेवून बघा. २०१३ चा जीआर १६ मेगापिक्सेलचा, २०१९ चा जीआर थ्री २४ चा. आकडा दीडपट, पण फोटोची रुंदी ४९२८ वरून ६००० पिक्सेल, म्हणजे सव्वापटसुद्धा नाही. १२ बाय १८ इंची प्रिंट जुन्यातूनही खणखणीत निघते.

नव्यात थरथर सावरायची सोय आहे खरी. पण ती सावरते तुमचा हात, समोरचा माणूस नव्हे. संध्याकाळी नंदीध्वज (मिरवणुकीतली उंच काठी) पेलत निघालेला बाराबंदीतला मानकरी शटर १/१५ सेकंद उघडं ठेवलं तर दोन्हींत पुसटच येणार. तिथे १/२५० सेकंद आणि चढा आयएसओ, म्हणजे प्रकाशाला जास्त संवेदनशीलताच लागते.

अंधारात फोकस मात्र नव्याचा सरस. उलट अंगचा फ्लॅश जुन्यातच. नव्यातून तो का काढला, मला तरी पटलेलं नाही. गर्दीत दोन मीटरवर फोकस आधीच बांधून ठेवायची सोय दोन्हींत आहे.

जुना सेकंडहँड घेताना एफ १६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र सगळ्यात बारीक करून, मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. काळपट ठिपके दिसले तर सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या चिपवर) धूळ आहे, आणि लेन्स निघत नसल्याने ती घरी साफ होत नाही.