पानाला आकाश दिसता कामा नये

वसंत सरत आलेला असतो, हवामान अंदाजात रात्रीचं किमान तापमान ३ अंश सेल्सिअस सांगितलेलं असतं. शून्याच्या वर आहे म्हणून टोमॅटो, मिरची, काकडी, घेवडा यांची नुकती लावलेली रोपं उघडीच राहतात. सकाळी पानं गडद, पाणी भरल्यासारखी, उकडल्यागत मलूल दिसतात आणि दुपारपर्यंत काळी पडतात. अंदाज चुकला, असा निष्कर्ष निघतो. बहुतेक वेळा अंदाज बरोबर असतो, पण तो हवेचा असतो, पानाचा नव्हे.

वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंच, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतचं पान त्यापेक्षा तीन-चार अंशांनी सहज थंड असतं. हे कसं होतं ते एकदा नीट समजलं की दहिवरापासून, म्हणजे रात्री गोठणाऱ्या दवापासून, रोपं वाचवण्याचे निम्मे उपाय आपोआप सुचतात आणि निम्मे फोल ठरतात.

प्रत्येक वस्तू डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांच्या रूपात उष्णता बाहेर टाकत असते. शून्य अंशावरचं पान दर चौरस मीटरमागे सुमारे ३१५ वॅट टाकतं. वरचं आकाशही खाली किरण पाठवतं, पण ते स्वच्छ आणि हवा कोरडी असेल तर जेमतेम २२० ते २४० वॅट. म्हणजे ऐंशीएक वॅटची तूट. जमीन अशी तूट दिवसभर साठवलेल्या उष्णतेतून भागवते. पानाकडे साठाच नाही. पाव मिलिमीटरहून पातळ पानात दर चौरस मीटरला पाणी असतं सुमारे २०० ग्रॅम. या हिशेबानं भोवतालच्या हवेनं उष्णता पुरवली नाही, तर पान दर दहा सेकंदांना एक अंशानं थंड होईल. प्रत्यक्षात हवा पुरवते, आणि ती पुरवू शकते कारण पान तिच्यापेक्षा थंड झालेलं असतं. क्रम लक्षात घ्या: आधी पान थंड होतं, मग पानामुळे हवा. थंडी वरून पानावर पडत नाही, पानातली ऊब वर निघून जाते. ढगाळ रात्री ढगांचा तळ जवळजवळ तेवढेच किरण परत पाठवतो, म्हणून दहिवर पडत नाही. मंद वारा वरची उबदार हवा खाली ढवळतो, म्हणून तेव्हाही पान वाचतं.

लंडनचे डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स यांना माळ्यांच्या पातळ चटया पाहून पूर्वी हसू येई. एवढ्याशा आडोशानं झाड हवेच्या थंडीपासून कसं वाचेल? मग त्यांनी प्रयोग केला. गवतात चार काड्या रोवल्या आणि गवतापासून सहा इंच उंचीवर तलम रुमाल ताणून बसवला. बाजू चारही उघड्या, हवा खेळती. तरीही रुमालाखालचं गवत शेजारच्या उघड्या गवतापेक्षा उबदार राहिलं. १८१४ मध्ये दंवावरच्या निबंधात त्यांनी कारण मांडलं: रुमाल हवा अडवत नव्हता, तो आकाश अडवत होता. उष्णता गमावण्याचं काम पानाऐवजी आता कापड करतं, आणि पानाला मोकळ्या आकाशाऐवजी हवेच्याच तापमानाच्या आसपासचं कापड ‘दिसतं’.

यातून पांघरण्याचे नियम निघतात. कापड पानाला टेकता कामा नये. टेकलं की गारठलेल्या कापडाला पान थेट उष्णता देतं आणि नेमकी तीच जागा करपते. म्हणून तारेच्या किंवा पाइपच्या कमानी लावून शेंड्याच्या वर किमान पाच-सात सेंटिमीटर जागा सोडा. कडा जमिनीपर्यंत आणा आणि माती, विटांनी दाबा, कारण आत ऊब येणार आहे ती फक्त जमिनीतून. कापड रोपाभोवती गुंडाळून देठाशी बांधणं ही सर्रास होणारी चूक आहे. अशा गाठोड्यात जमिनीची ऊब शिरतच नाही. पांघरूण सूर्यास्ताच्या आधी घाला. अंधार पडेपर्यंत जमिनीची बरीच कमाई उडालेली असते.

पॉलिप्रॉपिलीनचं न विणलेलं पांढरं कापड या कामाला उत्तम. चौरस मीटरला १७ ग्रॅम वजनाचं कापड एक-दोन अंशांचा आधार देतं, ५० ग्रॅमचं तीन-चार अंशांचा. जाड कापड सकाळी काढायलाच हवं, ते उजेड अडवतं. साधं पॉलिथीन मात्र फसवं असतं. दिवसा त्याखाली ऊन साठताना दिसतं, पण अवरक्त किरणांना ते बरंचसं पारदर्शक आहे. पानाला त्यातून आकाश दिसतच राहतं. आतून बाष्प साचून पाण्याचा थर धरला तरच ते थोडं अपारदर्शक होतं. कापड आणि प्लास्टिक दोन्ही हाताशी असतील तर आत कापड, वर प्लास्टिक, आणि सकाळी ऊन चढण्याआधी प्लास्टिक बाजूला. नाहीतर गारठ्यातून वाचलेली रोपं दहा वाजता उकाड्यानं मरतात.

जमिनीची साठवण वाढवायची तर आदल्या दिवशी सकाळी वाफा ओला करा. ओल्या मातीत उष्णता जास्त मावते आणि खालून वर लवकर पोचते. वाळलेल्या गवताचं आच्छादन असेल तर त्या रात्रीपुरतं बाजूला सारा, ते जमिनीची ऊब झाकून ठेवतं. नुकतीच खणलेली भुसभुशीत माती त्याच कारणानं वाईट, तिच्यातली हवा उष्णता वाहू देत नाही.

पांघरुणाखाली पाण्याचे कॅन ठेवणं चांगलं, पण हिशेबानं. पाच लिटर पाणी २० अंशांवरून शून्यावर येताना सुमारे ४२० किलोज्यूल देतं. दहा तासांत वाटलं तर हे जेमतेम १२ वॅट. चौरस मीटरला असे चार कॅन असतील तर फरक जाणवतो, एका बाटलीनं नाही. कॅनला काळा रंग दिला तर दिवसा ऊन जास्त शोषलं जातं. रात्री रंगाचा काही संबंध नाही, कारण पांढरा रंगही अवरक्तात काळ्याइतकाच किरण टाकतो.

पाणी फवारून बर्फात रोपं वाचवण्याचा प्रकार बागायतदार वापरतात. एक किलो पाणी गोठताना ३३४ किलोज्यूल सोडतं, पण एक किलो बाष्प होताना सुमारे २५०० किलोज्यूल ओढून घेतं. म्हणजे जेवढं उडतं त्याच्या साडेसातपट गोठत राहायला हवं. तासाला ३ मिलिमीटर पाणी अखंड, बर्फ आपोआप वितळेपर्यंत. पंप मध्यरात्री बंद पडला तर न फवारलेल्यापेक्षा जास्त नुकसान. शिवाय कोवळी भाजी बर्फाच्या वजनानं मोडते. परसबागेत हा मार्ग नको.

रात्री बागेत धूर करण्याचंही तसंच. अवरक्त किरणांची लांबी दहा मायक्रॉनच्या आसपास, धुराचे कण बहुधा एका मायक्रॉनहून लहान. ते किरण अडवत नाहीत, उलट सकाळी ऊन अडवतात. चांदण्यानं पानं जळतात ही समजूतही चुकीची: चंद्र लख्ख दिसतो कारण आकाश निरभ्र असतं, आणि दहिवरही त्याच कारणानं पडतं. ‘गोठणरोधक’ फवाऱ्यांच्या जाहिराती वाचताना एक आकडा लक्षात ठेवा. पाण्याचा गोठणबिंदू १.८६ अंशांनी खाली आणायला लिटरमागे ३४२ ग्रॅम साखर विरघळवावी लागते. पानावरचा चार थेंबांचा फवारा पेशीत एवढा बदल घडवू शकत नाही.

पान गोठलं की पेशी पाणी भरलेल्या बाटलीसारखी फुटते, असं बहुतेकांना वाटतं. बर्फ प्रत्यक्षात पेशींच्या बाहेर, मधल्या फटींत धरतो. बर्फावरचा बाष्पदाब पाण्याहून कमी असल्यानं पेशीतलं पाणी बाहेर खेचलं जातं, पेशी सुकते आणि पडदा निकामी होतो. वितळल्यावर पाणी फटींतच राहतं, म्हणून पान ओलं दिसतं. कोबी, वाटाणा हे सहन करतात, टोमॅटोला ते जमत नाही. बर्फाला सुरुवात करून द्यायला काहीतरी बीज लागतं. अगदी शुद्ध पाण्याचा सूक्ष्म थेंब उणे ३८ अंशांपर्यंतही द्रव राहू शकतो. पानांवरचा स्यूडोमोनस सिरिंगी हा जीवाणू मात्र आपल्या पृष्ठभागावरच्या प्रथिनामुळे उणे दोनच्या आसपासच बर्फ धरवतो. त्या प्रथिनाचं जनुक काढलेला जीवाणू १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरी आणि बटाट्यावर फवारून पाहिला गेला. तो बाजारात आला नाही.

थंड वारा सुटलेल्या, ढगाळ गारठ्यात हे सगळं तोकडं पडतं. तेव्हा ऊब आकाशात जात नाही, हवाच शून्याखाली असते. कुंड्या आत घेणं एवढंच हाती उरतं.

फटका बसलाच तर लगेच छाटू नका. चार-पाच दिवसांनी खोड नखानं हळूच खरवडा. आत हिरवं, ओलसर असेल तर टोमॅटो खालच्या पेरातून नवी बगलफूट काढतो. मेलेला भाग जिवंत पेराच्या वर कापा आणि फूट दिसेपर्यंत नत्र देऊ नका. काकडीचा शेंडा बीजपत्रांपर्यंत काळा झाला असेल तर वाट पाहू नका, नवं बी पेरा.