कोरेमच्या दृश्यांमागचे मोहम्मद अमीन

२३ ऑक्टोबर १९८४ रोजी बीबीसीने इथिओपियातल्या दुष्काळग्रस्त कोरेमची दृश्ये दाखवली. पहाटेचे धुके, थंडीत कुडकुडत बसलेली हजारो माणसे, कापडात गुंडाळून ठेवलेली प्रेते. निवेदन बीबीसीचे बातमीदार मायकेल बर्क यांचे होते आणि आजही आठवतात ते तेच. कॅमेऱ्यामागे मात्र नैरोबीचे मोहम्मद अमीन उभे होते.

अमीन यांचे घराणे पंजाबी, वडील पूर्व आफ्रिकेत रेल्वेच्या नोकरीत. जन्म १९४३चा. शाळकरी वयात हाती आलेला साधा बॉक्स कॅमेरा पुन्हा सुटला नाही. १९६३मध्ये, विशीत, त्यांनी दार-ए-सलाममध्ये ‘कॅमेरापिक्स’ ही संस्था काढली. आजूबाजूचे देश एकामागून एक स्वतंत्र होत होते. परदेशी वाहिन्यांची माणसे गडबड झाली की येत आणि ती शमली की परतत. अमीन तिथेच राहत होते. त्याची किंमतही त्यांनी मोजली. १९६६मध्ये झांझिबारच्या तुरुंगात त्यांचे जवळजवळ चार आठवडे गेले. १९६९मध्ये नैरोबीत मंत्री टॉम म्बोया यांना गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा त्यांच्या अखेरच्या क्षणांचे चित्रण अमीन यांनीच केले.

कोरेमला पोहोचता आले ते या वीस वर्षांच्या ओळखीपाळखीमुळे. तिथला दुष्काळ नुसता पावसाने डोळे वटारल्यामुळे पडलेला नव्हता. देशाच्या उत्तरेत, तिग्राय आणि तेव्हा इथिओपियातच असलेल्या एरिट्रियात, बंडखोरांशी युद्ध चालू होते. शिवाय त्याच सप्टेंबरात मेंगिस्तूंच्या लष्करी राजवटीला क्रांतीचा दहावा वर्धापनदिन थाटात साजरा करायचा होता, म्हणून परदेशी पत्रकारांना उत्तरेकडे फिरकू दिले जात नव्हते. सोहळा उरकल्यावर अमीन यांनी खटपट करून परवानगी मिळवली. ती दृश्ये जगभरातल्या चारशेहून अधिक वाहिन्यांनी दाखवली. दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी झालेला १३ जुलै १९८५चा ‘लाइव्ह एड’ हा संगीतसोहळा त्यांतूनच उभा राहिला.

जून १९९१मध्ये अदिस अबाबात दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला. त्यात ध्वनिमुद्रक जॉन मथाई ठार झाले आणि अमीन यांनी डावा हात गमावला. कृत्रिम हात बसवून ते पुन्हा कॅमेऱ्यामागे उभे राहिले. मला हा माणूस सर्वांत मोठा वाटतो तो इथे.

२३ नोव्हेंबर १९९६ रोजी अदिस अबाबाहून नैरोबीला निघालेले इथिओपियन एअरलाइन्सचे विमान तिघांनी पळवले. ऑस्ट्रेलियाला चला, हा त्यांचा हट्ट. इंधन संपले आणि विमान कोमोरोस बेटांजवळ समुद्रात कोसळले. १७५पैकी १२५ जण गेले. अमीन अपहरणकर्त्यांशी बोलून त्यांचे मन वळवू पाहत होते, असे वाचलेल्या प्रवाशांनी सांगितले. अमीन यांचे चरित्र लिहिणारे सहकारी ब्रायन टेटली त्याच विमानात होते. तेही वाचले नाहीत.