कॉलरबोनचं फ्रॅक्चर: झोळी, प्लेट आणि 2 सेंटीमीटरचा घोळ

कॉलरबोन, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड मोडलं की पेशंटला पाठीवर झोपवायचं, दोन खांद्यांच्या मधे काहीतरी घडी घालून ठेवायचं, खांदे मागे पडले की हाड जागेवर येतं, हे इजिप्तच्या प्राचीन पपायरसमध्येसुद्धा लिहिलंय. आठच्या आकड्यासारखा पट्टा बांधतात तो याच कल्पनेतून. 1987 ला त्या पट्ट्याची हात गळ्यात अडकवायच्या साध्या झोळीशी तुलना झाली, हाड दोन्हीकडे सारखंच जुळलं पण झोळीत त्रास कमी.

ऑपरेशन नको हे मत पक्कं झालं ते 1960 च्या एका पेपरमुळे. ऑपरेशन न केलेल्या 2,235 पेशंटपैकी फक्त 3 जणांचं हाड जुळलं नव्हतं, आणि ऑपरेशन केलेल्या 45 पैकी 2 जणांचं. झालं, पुढची तीसेक वर्षं सगळे हाच आकडा सांगत राहिले. पण त्यात लहान मुलंही होती, न सरकलेली फ्रॅक्चरंही होती, आणि ऑपरेशनला गेलेल्या केसेस मुळातच अवघड असणार. 1997 मध्ये फक्त मोठी माणसं आणि पूर्ण सरकलेली फ्रॅक्चरं, अशी 52 जणं पाहिली तर 15 टक्क्यांचं हाड जुळलंच नव्हतं आणि 31 टक्के निकालावर नाखूश होते.

त्याच अभ्यासातून 2 सेंटीमीटर आले. टोकं एकमेकांवर चढून हाड तेवढं आखूड झालं असेल तर ऑपरेशन करून धातूची प्लेट बसवा, असा जणू नियमच झाला. माझ्या मते इतका वजनदार निर्णय इतक्या कच्च्या मापावर उभा करायला नको होता. मानेचा स्नायू आतला तुकडा वर ओढतो, हाताच्या वजनाने बाहेरचा खाली जातो, म्हणून त्याच माणसाचा आडवं झोपवून काढलेला एक्सरे एक सांगतो आणि उभं करून काढलेला दुसरंच. मशीनचा कोन बदलला की माप बदलतं, आणि धडधाकट माणसाच्या दोन कॉलरबोनमध्येही काही मिलिमीटरचा फरक असतो, मग दुसऱ्या बाजूशी ताडून तरी काय कळणार? टोक आतून कातडी ताणून तंबूसारखं उचलतंय, कातडी पांढरी पडलीय, ती गोष्ट वेगळी, तिथे टेप लावत बसायची गरजच नाही.

2007 च्या कॅनडातल्या ट्रायलने पारडं प्लेटकडे झुकवलं, 132 पेशंट, न जुळलेली हाडं प्लेटवाल्यांत 2 आणि झोळीवाल्यांत 7, त्यानंतर ऑपरेशनची बाजू एकदम जोरात आली. मग 2013 ला स्कॉटलंडमधली 200 जणांची ट्रायल आली. तिथेही प्लेटने हाड जास्त जणांचं जुळलं, पण न जुळलेले वगळले तर वर्षभराने हात दोन्ही गटांत सारखाच चालत होता. हिशोब केला तर एकाचं हाड न जुळणं टाळायला सहा जणांना टेबलवर घ्यावं लागतं, आणि प्लेट कातडीखाली टोचते म्हणून काहींना ती काढायला परत यावं लागतं ते वेगळंच.

म्हणून आता लक्ष सहाव्या आठवड्याकडे गेलंय, तोवर झोळी ठेवायची आणि तेव्हा फ्रॅक्चर दाबल्यावर हलतंय का, एक्सरेत कॅलस, म्हणजे तुकडे जोडणारं नवं हाड, धरलाय का, हात कितपत चालतोय, हे बघून त्या सहातला तो एक आधीच हुडकायचा.