पीटर वेल्च यांचे ग्रामीण ब्रॉडबँड व ऊर्जाबचतविषयक विधिकार्य

अमेरिकेतील व्हरमाँट राज्याचे डेमोक्रॅट नेते पीटर वेल्च (जन्म १९४७) यांनी खेड्यापाड्यांत जलद इंटरनेट पोचवणे आणि घरांतून वाया जाणारी ऊर्जा वाचवणे या दोन विषयांवर काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, केलेले काम. २००७ ते २०२३ या काळात ते प्रतिनिधिगृहात राज्याचे एकमेव सदस्य होते. जानेवारी २०२३ पासून ते सिनेटर आहेत.

२०२०च्या जनगणनेनुसार व्हरमाँटची लोकसंख्या ६ लाख ४३ हजार. सर्वांत मोठे शहर बर्लिंग्टन, तेही ४५ हजारांच्या आतले. बाकी वस्ती डोंगरउतारांवर विखुरलेली. एका घरासाठी खांबांची लांब रांग ओलांडून फायबर न्यायची, तर कंपनीचा हिशेब बसत नाही. खांब आधीच उभे असले तरी नव्या तारेला जागा करण्यासाठी जुन्या तारा सरकवाव्या लागतात, आणि खांबाच्या मालकाची परवानगी मिळेपर्यंत काम अडून राहते. १९३६च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्यापूर्वी विजेचेही असेच रडगाणे होते. (आपल्याकडे भारतनेटची तार ग्रामपंचायतीपर्यंत येते, तिथून पुढे घराचा प्रश्न उरतो. दुखणे ओळखीचेच.)

यावर व्हरमाँटच्या गावांनी स्वतःच वाट काढली. मार्च २००८च्या ग्रामसभांत मते घेऊन पूर्व-मध्य भागातील गावांनी ‘ईसीफायबर’ हे सामाईक फायबर-जाळे सुरू केले. पुढे राज्याच्या कायद्याने अशा गावसंघांना ‘कम्युनिकेशन्स युनियन डिस्ट्रिक्ट’ हा दर्जा दिला. अट एकच, करदात्यांच्या पैशाला हात लावायचा नाही, कर्ज फेडायचे ते ग्राहकांच्या बिलांतून. हे श्रेय गावांचे आणि राज्याचे. वेल्च यांचा वाटा वॉशिंग्टनमधला. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामीण ब्रॉडबँडविषयक सर्वपक्षीय गटाचे ते एक सहअध्यक्ष होते.

तार दारात आली तरी महिन्याचे बिल परवडायला हवे. २०२१च्या पायाभूत सुविधा कायद्यातील १,४२० कोटी डॉलरच्या योजनेतून गरजू कुटुंबांना दरमहा ३० डॉलर सवलत मिळे. सुमारे २ कोटी ३० लाख घरे तिच्यात होती. निधी आटू लागल्यावर जानेवारी २०२४ मध्ये वेल्च यांनी आणखी ७०० कोटी डॉलर मागणारे विधेयक आणले. पुढे उपराष्ट्राध्यक्ष झालेले रिपब्लिकन जे. डी. व्हान्स त्याला सहप्रायोजक होते. विधेयक अडकले आणि जून २०२४ मध्ये योजना बंद पडली.

ऊर्जेच्या आघाडीवर त्यांचा पहिला मोठा प्रयत्न ‘होम स्टार’. घराच्या फटी बुजवणे, भिंतींत व छतात उष्णतारोधक थर भरणे यासाठी अनुदान देणारे हे विधेयक मे २०१० मध्ये प्रतिनिधिगृहात २४६ विरुद्ध १६१ मतांनी मंजूर झाले, पण सिनेटमध्ये बारगळले. व्हरमाँटच्या हिवाळ्यात फट म्हणजे भोक पडलेला खिसा; घर तापवायला जाळलेले तेल तिच्यातून बाहेर जाते.

वेस्ट व्हर्जिनियाचे रिपब्लिकन डेव्हिड मॅकिन्ली यांच्यासोबत त्यांनी पुढे नेलेला ऊर्जा कार्यक्षमता सुधारणा कायदा मात्र ३० एप्रिल २०१५ रोजी अमलात आला. त्यात पाणी तापवण्याच्या मोठ्या टाक्यांसाठी एक सवलत होती. ग्रामीण वीज सहकारी संस्था मागणी कमी असताना, म्हणजे रात्री, या टाक्यांत पाणी तापवून ठेवतात आणि गर्दीच्या वेळी टाकीची वीज दूरनियंत्रणाने तोडतात. ५५ गॅलनवरच्या टाक्यांसाठी त्याच वर्षी लागू होणाऱ्या नव्या कार्यक्षमता निकषात अशा टाक्या बसत नव्हत्या. ऊर्जाबचतीच्या नियमानेच ऊर्जा वाचवण्याची ही युक्ती मोडीत निघाली असती. म्हणून ७५ गॅलनवरच्या, वीजसंस्थेच्या नियंत्रणातील टाक्यांना वेगळा निकष देण्यात आला.

‘होम स्टार’ची मूळ कल्पनाही वाया गेली नाही. वेल्च यांनी पुढे आणलेल्या विधेयकातील मांडणी २०२२च्या महागाई नियंत्रण कायद्यात ४३० कोटी डॉलरच्या गृह-अनुदान योजनेच्या रूपाने उतरली. कोणते यंत्र बसवले याऐवजी घराची ऊर्जा किती वाचली हे तिच्यात पाहतात: २० टक्के बचतीला २,००० डॉलरपर्यंत, ३५ टक्क्यांना ४,००० डॉलरपर्यंत आणि कमी उत्पन्नाच्या घराला त्याच्या दुप्पट.