मालव्याचं पाणी: वर चढवायचं की शेतातच अडवायचं?

हजार लिटर पाणी ३५० मीटर उंच चढवायला किती वीज लागते? हिशोब शाळेतलाच आहे, वजन गुणिले गुरुत्वाकर्षण गुणिले उंची, उत्तर येतं जवळपास १ युनिट. तेही पंप शंभर टक्के कार्यक्षम असेल तर, आणि असा पंप नसतोच, मोटर तापते, पाइपात घर्षण होतं, म्हणून खरा खर्च सव्वा ते दीड युनिट धरा. ३५० मीटर अशासाठी की नर्मदा खाली निमाडात वाहते आणि आपण इंदूरवाले विंध्याचलाच्या वर पठारावर राहतो, मधली चढण साधारण एवढी आहे. नर्मदेचं पाणी क्षिप्रा नदीत सोडणाऱ्या, २०१४ मध्ये सुरू झालेल्या नर्मदा-क्षिप्रा लिंकमध्ये पाणी जवळपास एवढंच उचलतात. इंदूर शहराला १९७८ पासून नर्मदाकाठच्या जलूदहून नर्मदेचं पाणी येतंय, आणि त्या पंपिंगचं वीजबिल इतकं जड झालं की २०२३ मध्ये महापालिकेने ६० मेगावॅटच्या सोलर प्लांटसाठी २४४ कोटींचे ग्रीन बॉन्ड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले.

पिण्याच्या पाण्याला हा खर्च करावाच लागणार, त्यावर वाद नाही. प्रश्न शेतीचा आहे. गावांचा विकास म्हटलं की राज्य सरकारच्या यादीत सिंचाई पहिली असते आणि ते बरोबरच आहे, मध्य प्रदेशात शेती गेल्या वीस वर्षांत वाढली त्यात कालवे आणि वीज या दोघांचा मोठा हात आहे. पण सिंचाई म्हणजे कुठलं पाणी, किती उंच चढवलेलं किंवा किती खोलीतून काढलेलं, हे बघितल्याशिवाय प्राधान्यक्रम लागत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

गव्हाला एकदा पाणी द्यायचं म्हणजे हेक्टरी साधारण ६०० घनमीटर लागतं. हे नर्मदेहून वर आणलं तर साडेसातशे ते नऊशे युनिट. पाचशे फूट खोल बोअरमधून काढलं तर पाचशेच्या आसपास. आणि शेतातल्याच तळ्यातून पाच मीटर उचललं तर? वीस-पंचवीस युनिट. पीक तेच, पाणी तेवढंच! शेतकऱ्याला हा फरक बिलात दिसत नाही, कारण शेतीपंपाला हॉर्सपॉवरप्रमाणे ठरलेले पैसे भरायचे असतात आणि बाकीचे सरकार भरतं, म्हणजे फरक दिसतो तो राज्याच्या बजेटमध्ये, जिथून शाळा आणि रस्ते पण होणार असतात.

आता बोअरचं बघू. मालव्याखाली बेसाल्ट आहे, महाराष्ट्रातल्या दख्खनच्या पठाराचाच तो उत्तरेकडचा भाग. वर काळी माती, मग मुरूम, मग काळा कातळ. या कातळात पाणी वाळूसारखं सगळीकडे भरलेलं नसतं, ते फक्त भेगा आणि सांध्यांत असतं आणि सांधे थोडेच. म्हणून एकाने सहाशे फूट घेतलं की शेजारच्याचं चारशे फुटांचं बोअर बसतं, मग तो आठशेला जातो. सांवेरकडच्या एका ओळखीच्या शेतावर मी फेब्रुवारीत बघितलंय, पाइपातून दहा मिनिटं चांगली धार येते, मग भक् भक् करत हवा आणि पाणी मिळून यायला लागतं, मोटर बंद करायची, तास-दोन तास थांबायचं की सांध्यांतून पाणी पुन्हा झिरपून साचेल, मग पुन्हा चालू. रात्रभर तेच. इंदूर जिल्ह्यातलं भूजल सरकारी वर्गवारीतही अतिदोहित आहे, म्हणजे मुरतं त्यापेक्षा जास्त उपसलं जातं.

आणि हीच काळी माती तळ्याला मात्र फार उपयोगी पडते. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पहिले पाऊस त्यात मुरतात, मग माती फुगून भेगा मिटतात आणि त्यानंतरचं बरंचसं पाणी वरून वाहून जातं. म्हणजे कातळात मुरायला जी माती आडवी येते तीच तळ्याचा तळ बनते, बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकही लागत नाही. देवासला हे करून दाखवलंय. १९९० मध्ये त्या शहराला रेल्वेने पाणी पोचवावं लागलं होतं. २००६ नंतर तेव्हाचे कलेक्टर उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना पटवलं की जमिनीचा साधारण दहावा हिस्सा तळ्याला द्या, टोंकखुर्दच्या बाजूला गावंच्या गावं त्यात उतरली, पुढे शेततळ्याला अनुदान देणारी राज्याची बलराम तालाब योजना पण आली.

दहावा हिस्सा पुरतो का? एक हेक्टरमध्ये हजार चौरस मीटरचं, तीन मीटर खोल तळं, उतार धरून दोन-अडीच हजार घनमीटर पाणी मावतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी अर्धा मीटर बाष्पीभवनात जाईल, तरी तीन पाणी निघतात. मे महिन्यात नुकसान जास्त झालं असतं पण तोवर तळं वापरून झालेलं असतं. कमी पाण्यावर येणारा मालवी गहू, आपला बाफल्याचा (बाफले म्हणजे इकडचे उकडून भाजलेले कणकेचे गोळे), तीन पाण्यांवर निघतो, आणि इंदूरच्या गहू केंद्रातून ‘पूसा तेजस’सारखे वाण आलेत. एक अट मात्र, तळं पावसानेच भरायचं, बोअरने भरलं तर सगळा हिशोब उलटा होतो.

लिफ्टवाल्या योजना बंद करा असं मी म्हणत नाहीये. नर्मदा-मालवा-गंभीर लिंक पन्नास हजार हेक्टरसाठी आहे, जिथे तळ्याला उतारच नाही तिथे ती लागेल. पण आधी शेतातलं अडवा आणि जे कमी पडेल तेवढंच वर चढवा, एवढा क्रम तरी ठरायला हवा. भाव पडला की त्यातला फरक भरून देणाऱ्या भावांतरसारख्या योजनेत पैसे द्यावेच लागतात पण ते दरवर्षी नव्याने द्यावे लागतात, तळं वर्षानुवर्षं राहतं.

सगळ्यात अवघड आहे तो दोन-तीन बिघ्यांवाला छोटा शेतकरी. तो दहावा हिस्सा सोडूच शकत नाही, त्याच्यासाठी पाच-सात जणांचं मिळून एक तळं किंवा पंचायतीच्या जमिनीवरचं तळं, आणि पैसा पहिला तिथेच जायला हवा. तोही वेळेवर, कारण खोदकाम होतं फक्त गहू निघाल्यावर आणि पावसाआधी, एप्रिल-मेमध्ये, एकदा काळी माती ओली झाली की पोकलेन शेतात उतरत नाही. मंजुरी मार्चमध्ये हातात पडली तरच त्या वर्षीच्या पावसाचं पाणी धरता येतं.